शेरा

तहसिलीच्या मागच्या खोलीत, जिथं आधी
जप्त केलेल्या वाळूची घमेली ठेवायचे,
तिथं आता दोन स्कॅनर, पाणी नसलेला एक कूलर
आणि मी. कंत्राटी. पानामागं पंच्याऐंशी पैसे.

रुमाल सोडायचा, झटकायचा नाही.
झटकला की सन तेराशे बेचाळीस फसली
अख्खं शिंकेत जातं.
मिन्हाजोद्दीन सर याला हसत नाहीत.
ते खिशातून भिंग काढतात, पान खिडकीकडं वळवतात
आणि उजवीकडून डावीकडं
एक गाव वाचायला लागतात.

मी डावीकडून उजवीकडं टाइप करते.
पानाच्या मधोमध कुठंतरी आमची गाठ पडते.

नाव. बापाचं नाव. सर्वे नंबर. क्षेत्र. आकार.
लाल चांदणीच्या चौकटी रिकाम्या सोडता येत नाहीत.
एका पानावर बापाच्या जागी आईचंच नाव होतं.
यंत्र म्हणालं, पुढं जाता येणार नाही.
सर म्हणाले, पटवारी गेला होता की पुढं.

मन्याडच्या अलीकडं नागदरी म्हणून गाव आहे.
तिथली चंदरबाई सोनकांबळे
दर बाजारी कंधारला येते आणि दारात उभी राहते.
विहिरीच्या वाटेवर कुणीतरी बाभळीच्या फांद्या टाकल्यात.
तिचा ऑनलाइन अर्ज तीनदा परत आला:
पुरावा अपूर्ण.
दर वेळी बरोबर अकराव्या दिवशी.
एवढ्या वेळेवर तर एसटीबी येत न्हाई, ती म्हणाली,
न्हाई म्हनायला सरकार लई सुधरलंय, बाई.

मी काय बोलणार.
मी पानं मोजते, ती खेपा मोजते.

मग एका गुरुवारी, लाइट जात-येत असताना,
सर अडले.
भिंग जवळ नेलं, लांब नेलं, चष्मा काढला.
पानाच्या कडेला, रकान्यांच्या बाहेर,
शिकस्त्यात खरडलेली दीड ओळ:
सर्वे नंबर एकशे बाराची विहीर सरकारी खर्चानं बांधली,
खालच्या वस्तीची वाट उत्तरेच्या बांधावरून जाते,
ती कुणी अडवू नये.
खाली सही. शेजारी शाईचा थेंब, बहुतेक घाईचा.

मी चौकट शोधली.
विहीर: आहे, नाही.
वाटेला चौकट नव्हती.
'अडवू नये' तर कुठल्याच यादीत नव्हतं.

सगळ्यात खाली एक रकाना, कधी कुणी न भरलेला.
शेरा. मर्यादा पन्नास अक्षरं.
आणि हे यंत्र काना, मात्रा, अनुस्वार
सगळं सुटं सुटं मोजतं, उधारी नाही.
सर बोटांवर, मी पडद्यावर,
विहीर काढली, सरकारी खर्च काढला,
दुपारचा डबा तसाच राहिला.

खालच्या वस्तीची वाट उत्तर बांधावरून. अडवू नये.

सेहेचाळीस.
चार उरली सर, काय घालू?
राहू दे, ते म्हणाले,
कडेची जागा त्यानंही सगळी वापरली नव्हती.

जतन केलं. गोल गोल फिरलं, फिरलं,
नेट गेलं, आलं, आणि हिरवी खूण उमटली.

मेसेज नातवाच्या फोनवर गेला, पुण्याला.
तो रात्रपाळीला; त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं.
चौथा अर्ज परत आलेला नाही.
जागेची पाहणी सोमवारी, असं आज तरी दिसतंय.
बाभळीच्या फांद्या तिथंच आहेत, वाळल्यात
तशा जास्तच टोचतात म्हणे.

नक्कल छापून दिली तेव्हा
चंदरबाईनं विचारलं, त्यातलं ते कोन्तं?
मी ओळ दाखवली.
तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं,
रेशनच्या मशीनला कधीच न उमटणारं,
आणि हळूच फिरवलं इकडून तिकडं,
मग तिकडून इकडं,
भरली घागर घेऊन परत यायचं असतं तसं.